त्रिंबकजीचा न चाललेला खटला

पुराव्याचा कायदा वाङ्मयाला लागू होतो काय, हा प्रश्न आपल्या टीकाक्षेत्रात जितक्या गांभीर्याने विचारला जावयास हवा तितका तो विचारला गेलेला नाही. न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या आरोपीला वकील मिळतो, त्याच्याविरुद्धच्या साक्षीदारांची उलटतपासणी होते, संशयाचा फायदा त्याच्या पदरात पडतो. इतिहासग्रंथात किंवा कादंबरीत यांपैकी कशाचीच हमी नसते. ज्याचा खटला रीतसर चालला त्याच्याविषयी इतिहासकार चुकला, तरी खटल्याचे कागद मागे राहतात आणि पुढची पिढी ते पुन्हा उघडू शकते. परंतु ज्याचा खटला कधी उभाच राहिला नाही, अशा मनुष्याच्या बाबतीत इतिहासकाराची लेखणी हेच न्यायासन होऊन बसते. त्रिंबकजी डेंगळे हा असा मनुष्य होता. खुनाच्या आरोपावरून तो प्रथम कैदेत पडला, आणि आयुष्याची अखेरची अकरा वर्षे त्याने घरापासून शेकडो कोस दूर, गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात काढली. आरोप आणि मृत्यू यांच्यामध्ये निकाल म्हणून काही आलाच नाही.

ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि त्रिंबकजी हा नायक होऊ शकतो, ही गोष्ट मराठी वाचकाच्या प्रथमच ध्यानात आली. या कादंबरीचे गुणदोष सांगण्यापूर्वी तिने ज्या लेखनाला उत्तर दिले ते लेखन तपासणे आम्हांला आवश्यक वाटते. कारण ‘झेप’ ही केवळ कादंबरी नव्हे, ती एका दीडशे वर्षांच्या आरोपपत्रावरील कैफियत आहे. आणि आरोपपत्र न वाचता कैफियतीची किंमत करणे योग्य होणार नाही.

मूळ घटना थोडक्यात अशी. बडोद्याच्या गायकवाडांकडून पेशव्यांना येणे असलेल्या रकमांचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा वाद मिटविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे १८१४ साली पुण्यास आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली होती. पुढच्या वर्षी, जुलै १८१५ मध्ये, आषाढी यात्रेच्या दिवसांत बाजीरावाबरोबर ते पंढरपुरास गेले आणि विठोबाचे दर्शन घेऊन परत येत असता वाटेत मारले गेले. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरुळाची लेणी पाहण्यास गेला होता. बातमी येताच त्याने चौकशी आरंभली, बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी याच्यावर खुनाचा आरोप ठेवला आणि त्याला स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावाने पुष्कळ टाळाटाळ केली. त्रिंबकजीला वसंतगडावर अटकेत ठेवून पाहिले. पण अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला इंग्रजांच्या हवाली करणे भाग पडले. त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली.

या घटनेचे सर्वांत प्रभावी कथन ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. या ग्रंथाचे ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठी भाषांतर झाले, ते शाळांतून चालले, आणि आपल्या आजा-पणजांनी त्रिंबकजी प्रथम पाहिला तो त्या पानांतून. डफचे गद्य या ठिकाणी विलक्षण परिणामकारक आहे. शास्त्र्यांच्या अंगात ताप आहे. देवळात येण्याचे निमंत्रण ते एकदा नाकारतात. पुन्हा आग्रह होतो. थोडीच माणसे बरोबर घेऊन ते निघतात. परतताना मागून काही माणसे वाट करा म्हणत धावत येतात आणि त्यांच्या हातातील पिळलेल्या कापडाआड तलवार असते. वाचकाच्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु टीकाकाराने नेमके येथेच थांबून विचारावयास हवे, की या चित्रात मारेकऱ्यांचे हात दिसतात, पण त्या हातांना हुकूम देणारा कोठे दिसतो काय? निमंत्रणाचा आग्रह त्रिंबकजीकडून झाला, एवढेच कथनातून हाती लागते. बाकीचे काम गद्याच्या लयीने केलेले आहे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट डफच्याच पानांत आहे. खुनापूर्वीच्या महिन्यांत बाजीरावाने शास्त्र्यांना आपल्याकडे वळविण्याचा प्रयत्न केला होता. कारभारीपणाची आशा दाखविली, आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशी ठरविला; आणि तयारी झाल्यावर शास्त्र्यांनी अंग काढून घेतले. आपल्या कुटुंबाला वाड्यात पाठविण्यासही ते राजी झाले नाहीत. हा अपमान कोणाचा? उघडच पेशव्यांचा. म्हणजे डफच्या निवेदनात हेतू बाजीरावाच्या ठिकाणी आहे आणि अपराध मात्र त्रिंबकजीच्या माथी आहे. शिवाय शास्त्र्यांचे बडोद्यातील वैरी होते; सीताराम रावजीच्या पक्षाची माणसे त्या काळी पुण्यात वावरत होती; त्यांपैकी बंडोजी व भगवंतराव यांना पुढे बडोदेकरांच्या हवाली करण्यात आले. इतके धागे एकत्र आले असताना कोणतेही न्यायासन घाईने निकाल देते ना. पण डफ हा न्यायाधीश नव्हता. तो पुण्यास एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेला अधिकारी होता. फिर्यादीच्या कचेरीतील कारकुनानेच पुढे निवाडा लिहावा, असा हा प्रकार आहे. डफचा प्रामाणिकपणा आम्ही नाकारीत नाही. त्याच्या ग्रंथाचे ऋणही नाकारीत नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच, १८६७ च्या सुमारास, डफच्या बखरीवर टीका लिहून मराठी इतिहाससमीक्षेचा पाया घातला, तो डफला खोटे ठरविण्यासाठी नव्हे, तर त्याचे आधार तपासण्यासाठी. तीच दृष्टी येथेही ठेवावयास हवी.

मग त्रिंबकजी दोषी ठरला तो कोठे? न्यायालयात नव्हे, तहनाम्यात. सप्टेंबर १८१६ मध्ये तो ठाण्याच्या कैदेतून निसटला. बाजीराव त्याला आतून पैसा व माणसे पुरवितो, असा एल्फिन्स्टनचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. परिणामी १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह बाजीरावावर लादण्यात आला. त्या तहात त्रिंबकजीचा अपराध पेशव्यांनी कबूल केला. एकाचा गुन्हा दुसऱ्याने कबूल करावयाचा, तोही राजधानीभोवती फौज उभी असताना, असा हा कबुलीजबाब होता. त्याच तहाने मराठेशाहीचे अग्रेसरत्व गेले, अहमदनगरचा किल्ला गेला आणि नर्मदेच्या उत्तरेकडील माळव्याबुंदेलखंडातील पेशव्यांचे सर्व हक्क गेले.

हे शेवटचे वाक्य आम्ही झाशीत बसून लिहीत आहो, म्हणून ते आम्हांला निराळे जाणवते. या शहराच्या तटाचा दतिया दरवाजा, ज्याला येथे सर्वजण दतिया गेट म्हणतात, आजही दतियाकडे जाणाऱ्या वाटेला आपले नाव देऊन आहे. त्या दरवाजाच्या आतील मुलूख जून १८१७ पर्यंत पुण्याच्या पेशव्यांच्या नावाने चालत होता. तहानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, झाशीच्या रामचंद्ररावांनी इंग्रजांशी स्वतंत्र करार केला, कारण त्यांचा धनी बदलला होता. पुढे १८५४ साली झाशी खालसा करताना डलहौसीने हे राज्य स्वतंत्र नसून आश्रित आहे, असा जो युक्तिवाद केला, त्याचे मूळ याच हस्तांतरात होते. पंढरपुराच्या वाटेवर पडलेल्या एका प्रेताचा आणि दतिया दरवाजाचा संबंध हा असा आहे. ज्या आरोपाने इतकी राज्ये हलली तो आरोप एकदाही सिद्ध करून दाखविण्याची गरज कोणाला भासली नाही, याचे कारणही कदाचित यातच असावे. सिद्ध न झालेल्या आरोपाचा राजकीय उपयोग सिद्ध झालेल्या आरोपापेक्षा अधिक होतो. निकाल लागला म्हणजे आरोप संपतो, निकाल न लागला तर तो पाहिजे तितका ताणता येतो.

१८१८ च्या जून महिन्यात त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला. नाशिकच्या बाजूस कॅप्टन स्वान्स्टन याने त्याला धरले. त्याच महिन्यात बाजीराव माल्कमला शरण गेला होता. येथून पुढची दोन आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. बाजीरावाला सालीना आठ लाखांचे वर्षासन मिळाले आणि तो कानपुराजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. १८५१ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, त्याने तेथे स्नानसंध्या, दानधर्म आणि लग्ने केली. त्रिंबकजीला त्याच गंगेच्या काठी, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, चुनारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १८२९ साली तो तेथेच मरण पावला. धन्याला वर्षासन आणि चाकराला जन्मठेप! कायद्याच्या भाषेत ती जन्मठेपही नव्हती, कारण जन्मठेप ही शिक्षा असते आणि शिक्षेला निकाल लागतो. योगायोग असा, की ७ एप्रिल १८१८ रोजी, त्रिंबकजी पकडला जाण्याच्या दोनच महिने आधी, बंगाल सरकारने आपले तिसरे रेग्युलेशन मंजूर केले होते. राज्याच्या हितासाठी कोणाही व्यक्तीस चौकशीविना अटकेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ‘राजबंदी’ हा शब्द पुढे आपल्या राजकीय इतिहासात मानाचा झाला. लाला लजपतराय यांना १९०७ साली याच रेग्युलेशनखाली मंडालेस नेण्यात आले. परंतु या शब्दाचा जन्म कोणत्या हवेत झाला ते त्रिंबकजीच्या कोठडीत दिसते.

ती कोठडी आपल्याला दाखविली ती कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याने. १८२४ साली उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करीत असता तो चुनारला उतरला आणि कैद्याला भेटला. त्याची दैनंदिनी त्याच्या मृत्यूनंतर १८२८ साली प्रसिद्ध झाली. हेबर राजकारणी नव्हता. म्हणूनच त्याच्या या दोनचार परिच्छेदांत डफच्या संपूर्ण प्रकरणात नाही ते आढळते, ते म्हणजे माणूस. गजांच्या खिडक्या पहाऱ्याच्या पडवीवर उघडणाऱ्या खोल्या, क्षणभरही नजरेआड न होऊ देणारे पहारेकरी, येताजाता झडती घेतले जाणारे मोजके मराठी नोकर, एक लहानसे देऊळ, पिंपळाच्या सावलीतील इवलीशी बाग आणि तीत कैद्याने लावलेला तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तेरडा लावणाऱ्याला मोजावयास दिवस नव्हते, वर्षे होती. हेबरला भेटलेला मनुष्य लहानखुरा, चपळ आणि चिडखोर दिसणारा होता. वाटेल तितका जामीन देतो, इंग्रजांचा वैरी होतो त्याहून चांगला मित्र होईन, अशी विनंती त्याने वारंवार केली होती आणि ती दरवेळी फेटाळली गेली होती. त्याची तक्रार एकाच माणसाविषयी होती, तो म्हणजे एल्फिन्स्टन. एल्फिन्स्टनने आपला जीव वाचविला, आपल्या मुलांना ममतेने वागविले, आपली मालमत्ता सांभाळली, आणि तोच आपल्याला सोडू देत नाही, असे तो म्हणे.

या तक्रारीत त्रिंबकजीने आपल्या खटल्याचे सारे मर्म सांगून टाकले आहे, असे आम्हांला वाटते. १८१५ साली आरोप ठेवणारा एल्फिन्स्टन, चौकशी करणारा एल्फिन्स्टन, कैदी ताब्यात घेणारा एल्फिन्स्टन, आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर म्हणून त्याच्या सुटकेविषयी ज्याच्या शब्दाला वजन होते तोही एल्फिन्स्टनच. तो दुष्ट नव्हता. किंबहुना त्या पिढीच्या इंग्रज अधिकाऱ्यांत तो सर्वांत सुसंस्कृत होता. पण सज्जन मनुष्याच्या हातीही फिर्यादीचे, तपासाचे आणि निकालाचे अधिकार एकवटले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे. दुष्ट अधिकाऱ्यापेक्षा सज्जन अधिकाऱ्याचा अन्याय ओळखणे कठीण असते. खुद्द ज्याच्यावर तो होतो त्यालाही कृतज्ञता आणि संताप यांतून वाट काढता येत नाही.

हेबरच्या प्रवासवर्णनात त्रिंबकजी आणखी एकदा येतो, तो ठाण्याच्या सुटकेच्या निमित्ताने. ठाण्यास पहारा गोऱ्या शिपायांचा होता, देशी माणसांवर भरवसा नको म्हणून. एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मराठा मोतद्दार खिडकीखाली खरारा करीत मराठीत गाणी म्हणे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत वर कैद्यापर्यंत पोचे. शिपायांना सूर ऐकू येत होते, भाषा येत नव्हती. हेबरने ते गाणे इंग्रजी पद्यात उतरविले आहे. परमुलखात दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांना या कथेचा आनंद विशेष वाटावा हे स्वाभाविक आहे. पण त्या आनंदातही एक दु:ख आहे. ठाण्याला जी भाषा खिडकीखाली उभी होती ती चुनारला नव्हती.

आता मराठी वाङ्मयाचा प्रश्न. इंग्रज लेखणीने दिलेल्या निकालाविरुद्ध अपील करण्याची आपली परंपरा मोठी आहे. या झाशीचेच उदाहरण घ्यावे. ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत झालेल्या इंग्रजांच्या कत्तलीचा ठपका राणी लक्ष्मीबाईंवर ठेवण्यात आला. त्यांचाही खटला चालला नाही, तोफांनीच निकाल दिला. परंतु १८९४ साली दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी बाईसाहेबांचे चरित्र लिहिले आणि तो ठपका कागदोपत्री खोडून काढण्याचा यत्न केला. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोणताही आरोप न ठेवता, अटकेत ठेवले गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि राष्ट्रसभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. १८९९ मध्ये ते सुटले. त्रिंबकजीला असा चरित्रकार किंवा असा कैवारी लवकर मिळाला नाही. कारण उघड आहे. राणी पराक्रमी होती, नातू प्रतिष्ठित होते. त्रिंबकजी हा निमगाव जाळीचा पाटील, जासूदगिरीपासून चढत गेलेला, मामलती लिलावाने विकणाऱ्या राजवटीतील सर्वांत कडक वसुलदार. त्याच्यासाठी रडण्याची कोणाला इच्छा नव्हती. परंतु न्यायाची कसोटी लागते ती नावडत्या आरोपीपाशीच. आवडत्याला न्याय मिळावा असे सर्वांनाच वाटते. ती न्यायबुद्धी नव्हे, तो लोभ आहे.

‘झेप’चे खरे श्रेय या संदर्भात लक्षात घ्यावयास हवे. इनामदारांनी या कादंबरीपासून पुढे ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेब अशा बदनाम किंवा उपेक्षित पुरुषांची बाजू घेतली. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे पूज्य पुरुषांची आरती, या समजुतीला त्यांनी दिलेला हा धक्का होता. ज्याच्याविषयी वाचकाच्या मनात तिटकाराच भरलेला आहे अशा मनुष्याला पहिल्याच कादंबरीचा नायक करणे, यात धाडस आहे. बंद केलेले दप्तर त्यांनी पुन्हा उघडविले, आणि आमच्या मते एवढ्यानेच या कादंबरीला मराठी वाङ्मयात स्थान मिळते.

पण याच ठिकाणी कादंबरी या वाङ्मयप्रकाराची एक अडचण उभी राहते. इतिहासकाराला ‘पुराव्यावरून सांगता येत नाही’ असे लिहून थांबता येते. नायकाच्या मनात वाचकाला नेणाऱ्या कादंबरीकाराला ती सोय नाही. पंढरपुरच्या त्या रात्री हुकूम दिला की नाही, हे त्रिंबकजीला स्वत:ला माहीत होते. आणि ज्याच्या मनात आपण शिरलो आहो त्याला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून लपविली तर ती फसवणूक होते, उघड केली तर तो निकाल होतो. म्हणजे डफने पुराव्यावाचून शिक्षा दिली, तर कादंबरीकाराला पुराव्यावाचून मुक्तता देण्याचा मोह होतो. दोहोंत दिशेचा फरक आहे, पद्धतीचा नाही. नायकाचा आवेश, त्याची स्वामिनिष्ठा, त्याचे साहस यांनी वाचक भारावून जातो आणि निर्दोष म्हणून टाळी वाजवितो. परंतु शूर मनुष्य निर्दोष असतोच असे नाही, आणि स्वामिनिष्ठ मनुष्य तर अशा प्रकरणात अधिकच संशयास्पद ठरतो. धन्याच्या अपमानाचा सूड चाकराने घ्यावा हेच स्वामिनिष्ठेचे जुने लक्षण आहे! तेव्हा त्रिंबकजीचे गुण रंगविणे हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. त्याचा बचाव एकच आहे: त्याला विचारले गेले नाही. हा बचाव त्याचे चारित्र्य कसेही असले तरी टिकतो, आणि म्हणूनच तो वाङ्मयाने अधिक जपावयास हवा.

आमची अपेक्षा एवढीच, की पुढे जो कोणी या विषयावर लिहील त्याने ठाण्याच्या उडीइतकेच चुनारच्या अकरा वर्षांकडे पाहावे. उडी नाट्यमय आहे, म्हणून ती सर्वांना दिसते. चुनारमध्ये काहीच घडत नाही. दिवस उगवतो, पहारा बदलतो, नोकरांची झडती होते, अर्ज जातो, नकार येतो. परंतु विचारणा न होता जाणारा काळ हाच या माणसाच्या आयुष्याचा खरा विषय आहे, आणि तो रंगविण्यास उडीपेक्षा मोठी प्रतिभा लागते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हातून रोज टिपणे, अहवाल आणि शेरे लिहिले जातात. ‘संशयित’ हा शब्द तिसऱ्या पत्रात ‘गुन्हेगार’ कसा होतो आणि पाचव्या पत्रात कोणी त्याचे कारणही विचारीत नाही, हे त्यांना कोणा टीकाकाराने शिकवावयास नको. १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारच्या तुरुंगांतील असे कैदी आले, की ज्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला असता तरी इतकी शिक्षा झाली नसती. त्या वेळी खटला लवकर चालणे हा मूलभूत हक्क ठरला. तरीही कायदा आपोआप कोणाची कोठडी उघडीत नाही. कोणीतरी जुनी फाइल काढून पहिले पान वाचावे लागते. त्रिंबकजीच्या फाइलचे पहिले पान वाचावयास मराठी कादंबरीला १९६३ पर्यंत वेळ लागला, आणि तोवर कैदी मरून १३४ वर्षे झाली होती. तो दोषी होता की निर्दोष, हे ठरविण्याचा अधिकार आता कोणालाच उरलेला नाही. त्याच्या नावाआधी ‘खुनी’ हा शब्द लिहिताना हात क्षणभर थांबावा, एवढे मात्र अजूनही आपल्या अधिकारात आहे.